चाचांच्या फोटोचा लाल टॅग

निघोज्याच्या आमच्या प्रेसशॉपमध्ये मी लाइन इनचार्ज होतो, आणि त्या वर्षांत मी माणसांशी जेवढ्या वेळा बोललो असेन त्याहून जास्त वेळा त्यांना ढकललं, ओढलं, मानेला धरून मशीनसमोर उभं केलं. संत तुकाराम नगरमधल्या आमच्या सोसायटीत मात्र सगळे मला शांत माणूस समजत. पार्किंगवरून मी भांडत नसे, मीटिंगमध्ये आवाज चढवत नसे. भांडायची सगळी ताकद कंपनीत खर्च होऊन जायची, घरी आणायला काही उरायचंच नाही. बायको विचारायची, "तुम्ही घरी इतके गप्प का असता?" मी म्हणायचो, दमलोय.

खरं तर कंपनीतही मी गप्पच असायचो. एका पत्र्याच्या छपराखाली बारा प्रेस होत्या. गाड्यांना लागणारे लहानमोठे ब्रॅकेट आम्ही पोलादी पत्र्यातून कापायचो, आणि प्रत्येक कापाला प्रेस अशी आदळायची की पायाखालची फरशी हलायची. कानात बोळे घातलेली माणसं, त्यात हा दणदणाट. ओरडून घसा फुटला तरी शेजारच्याला ऐकू जात नसे. म्हणून आम्ही हातांनी बोलायचो.

अंगठा वर केला की चालू कर. मूठ दाखवली की थांब. दोन बोटं डोळ्यांकडे नेली की माल नीट बघ, कापाच्या कडेला पत्र्याची खरखर राहतेय. हाताचा पंजा गळ्यावरून आडवा फिरवला की मशीन पूर्ण बंद. आणि कानशिलाशी बोट गरागरा फिरवलं की इनचार्ज भडकलाय, सांभाळून राहा. ही शेवटची खूण माझ्यासाठीच निघाली होती. लोकांना वाटायचं मला ती माहीत नाही. मला माहीत होती, आणि खोटं कशाला बोलू, तिचा मला अभिमान वाटायचा.

एकदा बिहारकडून आलेल्या एका नव्या माणसाला मी लांबूनच गळ्यावरून हात फिरवून दाखवला. त्याला ही खूण कोणी शिकवली नव्हती. त्याने माझा चेहरा पाहिला, गळ्यावरून फिरणारा हात पाहिला, हातातले ग्लोव्ह्ज तिथेच टाकले आणि जो पळत सुटला तो थेट गेटवर. सिक्युरिटीवाल्याने त्याला समजावून परत आणला. सगळी लाइन हसली, मीही हसलो. मग काम थांबवलं म्हणून त्याच्या पाठीत एक रट्टा घातला. त्याला खूण समजली नव्हती, पण माझा चेहरा त्याला अगदी बरोबर समजला होता, असं आता वाटतं.

खुणेचं असंच असतं. तिच्यात स्वतःचं काही नसतं. गळ्यावरून फिरलेला हात हा नुसता हात असतो. चार माणसांनी त्याचा अर्थ मानला म्हणून बारा प्रेस बंद पडतात. आणि त्याच चार माणसांनी मानणं सोडलं की तीच खूण हवेत हलणारा हात होऊन जाते. हे मला कोणी पुस्तकातून शिकवलं नाही. मी ते चाचांच्या उजव्या हातावर शिकलो.

चाचा आमचे फिटर. बीडकडचे, माझ्याहून वयाने मोठे, दिघीत भाड्याने राहणारे. डाय, म्हणजे पत्रा कापायचा साचा, बसवणं, अडकलेला तुकडा काढणं, सेन्सर बदलणं, सगळं त्यांच्याकडे. बोलायला मऊ, कामाला चोख. शॉपमध्ये ज्याच्यावर मी कधी हात उचलला नाही असा तो एकच माणूस होता, आणि देवाचा विनोद बघा.

प्रेसमध्ये हात घालायच्या आधी फिटरने कंट्रोलची चावी बंद करायची आणि त्या चावीवर लाल टॅग लटकवायचा, असा नियम होता. टॅग म्हणजे प्लास्टिकचं तळहाताएवढं कार्ड. वर कवटी, खाली 'माणूस काम करत आहे, मशीन चालू करू नका', आणि शेजारी त्या माणसाचा फोटो. ज्याचा फोटो त्यानेच टॅग काढायचा. दुसऱ्या कोणी, मग तो मालक का असेना, त्याला हात लावायचा नाही. टॅगबरोबर कुलूप लावायचाही नियम होता, पण कुलपं केव्हाच कोणाकोणाच्या ट्रंकांना लागली होती. आणि खरं म्हणजे मोटरही बंद करायची असते. पण प्रेसचं ते जड चाक थांबायला आणि पुन्हा वेग घ्यायला फार वेळ जातो म्हणून मीच सांगितलं होतं, "चाचा, मोटर चालू राहू द्या. चावी बंद करा, टॅग लावा, बास." तेव्हा सगळं ओझं त्या एका प्लास्टिकच्या कार्डावर होतं.

आता हे कार्ड आमच्या लोकांनी कशाकशाला लावलं ते सांगतो. चहाला जाताना आपली मशीन दुसऱ्याने घेऊ नये म्हणून लावलं. गार वारा देणाऱ्या पंख्याला लावलं, म्हणजे तो कोणी आपल्याकडे वळवू नये. डब्याला लावलं. संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती तर तिथेही लावलं. निदान तिथे आत माणूस खरोखर काम करत असायचा. एका भावाने पार्किंगमधल्या सावलीच्या जागेवर दगड ठेवून त्याला टॅग बांधला होता. टॅग हवा असला की लोक चाचांकडे जायचे. चाचांना नाही म्हणता येत नसे. ऑफिसातून त्यांनी स्वतःचे पाच-सहा टॅग करून घेतले होते, कारण दिलेला टॅग परत येत नसे. त्यामुळे व्हायचं असं की चाचा कँटीनमध्ये चहा पीत असायचे आणि त्यांचा फोटो शॉपमधल्या चार मशीनवर लटकलेला असायचा. लांडगा आला रे आला ही गोष्ट आम्ही सगळ्यांनीच शाळेत ऐकलेली होती. उपयोग शून्य.

यात सगळ्यांत निर्लज्ज मी आणि पहिल्या पाळीचा इनचार्ज. चार नंबरची प्रेस शॉपमधली सगळ्यांत चांगली, आणि तिच्यासाठी आम्ही दोघे कुत्र्यांसारखे भांडायचो. पाळी संपताना तो तिच्यावर चाचांचा टॅग लावून जायचा, म्हणजे त्याची डाय मी उतरवू नये. मी तेच करायचो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. माझा टॅग म्हणजे कामाची गरज, त्याचा टॅग म्हणजे हरामखोरी.

एकदा मी त्याने लावलेला टॅग त्याच्या डोळ्यांदेखत ओढून काढला आणि फरशीवरच्या ऑइलच्या चिखलात फेकला. त्याने माझ्या छातीवर धक्का दिला. माझ्या हातात अठरा नंबरचा पाना होता, तो मी मारला. त्याच्या भुवईच्या वर फाटलं, रक्त डोळ्यात उतरलं, तरी तो मला सोडेना. माझा कान त्याने दातांत धरला. शेवटी चौघांनी आम्हाला ओढून वेगळं केलं. त्याला टाके पडले, मला कानाला पट्टी. मॅनेजरने दोघांना केबिनमध्ये उभं करून हस्तांदोलन करायला लावलं आणि वर एक तास भाषण दिलं. त्या तासात टॅग हा शब्द कोणीही उच्चारला नाही.

त्यानंतर मला सवयच लागली. पाळीवर आलो की पहिलं काम, शॉपमधून एक चक्कर मारायची आणि दिसेल तो टॅग ओढून काढायचा. फोटो कोणाचा ते बघायचं नाही. बघून काय करायचं, फोटो नेहमी चाचांचाच.

त्या दिवशी दुपारी साडेतीन झाले असतील. पहिली पाळी गेली होती, आमची लागली होती. गेटवर माल न्यायला टेम्पो उभा, आणि माझ्या मोबाइलवर गिऱ्हाइकाचे एकामागून एक फोन. माल चार नंबरवरच निघणार होता. आलो तर चावीवर लाल टॅग. माझं डोकं सणकन तापलं. जाता जाता पहिल्या पाळीचा इनचार्ज पुन्हा खोडी करून गेला, असंच मला वाटलं. मी टॅग ओढला, दोरा तुटला. टॅग खाली टाकला आणि चावी फिरवली. प्रेसच्या मागे जाऊन बघायला दहा पावलं लागली असती.

प्रेसवर नुकताच येऊन उभा राहिलेला ऑपरेटर निघोज्याचाच होता, जुन्या घरातला, चाळिशीचा, शहाणा माणूस. त्याने मी फेकलेल्या टॅगकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून पंजा उलटा केला. म्हणजे, काय भानगड? मी अंगठा वर केला. त्याने पुन्हा पंजा उलटा केला. मग मी माझी उजवी मूठ डाव्या तळव्यावर आपटली, दोनदा. आमच्याकडे त्याचा अर्थ एकच होता: मुकाट्याने कर, नाहीतर येतो तिकडे. त्याने दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली. दोन बटणं अशासाठी असतात की ऑपरेटरचे स्वतःचे हात आत राहू नयेत.

प्रेस खाली गेली आणि वर आली. मला वेगळं काहीच ऐकू आलं नाही. ऑपरेटर समोर डायकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा एकदम कोणीतरी आतून ओढून घेतल्यासारखा झाला. तो गळ्यावरून हात फिरवायला लागला. एकदा नाही, परत परत, वेड्यासारखा. शेजारच्या प्रेसवाल्याने ते पाहिलं, त्याने पुढच्याला तीच खूण केली, त्याने त्याच्या पुढच्याला. ओळीने हात गळ्यावरून फिरत गेले आणि ओळीने प्रेस बंद पडत गेल्या. बारावी थांबली तेव्हा चाचांची किंकाळी ऐकू आली. ते केव्हापासून ओरडत होते कोण जाणे.

ते प्रेसच्या मागच्या बाजूला होते. मागची जाळी उघडून आत अडकलेला तुकडा काढत होते. मी पोचलो तेव्हा ते गुडघ्यांवर बसलेले, डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं, आणि मनगटाच्या पुढे अंगठा होता, बाकी नुसता चिंधड्यांचा लाल गोळा. रक्त धारेने पडत होतं, ऑइलमध्ये मिसळून फरशीवर पसरत होतं. मी हात पुसायच्या कापसाचा बोळा दाबला, तो भिजला, दुसरा दाबला. कोणीतरी ओकत होतं. कोणीतरी ओरडलं, बोटं घ्या, बोटं, डॉक्टर जोडतात. तीन बोटांचं काही उरलं नव्हतं. एक डायच्या कडेला चिकटलेलं होतं. ते मी नखांनी खरवडून काढलं आणि पाण्याच्या बाटलीच्या पिशवीत घातलं. ते गरम होतं. नंतर कळलं, हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी त्या पिशवीत एकदा डोकावलं आणि ती बाजूला ठेवली.

चाचांना गाडीत घालून मी परत आत आलो, आणि पहिलं काय केलं असेल तर टॅग उचलून खिशात घातला. विचार करून नाही. विचार करून केलं असतं तर निदान बदमाश तरी म्हणता आलं असतं. ऑपरेटर चार पावलांवर उभा राहून बघत होता.

"टॅग तुमी काढला," तो म्हणाला. "म्या बघितलं न्हाई का? आन् खिशात घातला."

"आणि बटण कोणी दाबलं?" मी म्हणालो.

त्याची नजर स्वतःच्या तळव्यांकडे गेली. मी पुन्हा म्हणालो, "बटण तुम्ही दाबलंत, राव. पोलीस आधी तेच विचारतील." तो माझ्या बुटावर थुंकला. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आला नाही. त्याचं शेत कंपन्यांखाली केव्हाच गेलं होतं, तरी परत आला नाही, आणि कोणाला काही बोललाही नाही. माझ्या वाक्याने बरोबर जिथे लागायला हवं तिथे लागलं होतं.

मॅनेजरने मला एकट्याला बोलावून विचारलं, "टॅग होता का?" मी म्हणालो, "दिसला नाही." त्याला हेच उत्तर हवं होतं. फिटरने टॅग लावला नाही, म्हणजे चूक फिटरची, फाइल सरळ. घरी जाऊन मी बाथरूममध्ये कात्रीने टॅग कापला. कवटी कापली, अक्षरं कापली, चाचांचा फोटोही चार तुकड्यांत कापला.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना बघायला गेलो. उजवा हात बँडेजमध्ये उशीवर ठेवलेला. तोंड सुकलेलं, औषधाने जीभ जड झालेली. वॉर्डातले बाकीचे लोक जेवत होते. चाचांनी मला जवळ बोलावलं.

"साहेब, एक खरं सांगा," ते म्हणाले. "मी टॅग लावलता ना? लई आठवायलो, पण आठवंना. चावी बंद केल्याचं आठवतंय. टॅगचं आठवंना. इतकी वर्षं झाली, मी कधी बिना टॅगचा हात घातला नाही. लावला असंल ना मी?"

त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते मला स्वच्छ दिसत होतं. हाताचं दुःख त्यांनी एका बाजूला ठेवलं होतं. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की आपण कामात चुकलो नाही. मी हो म्हटलं असतं तर त्या माणसाने तशा अवस्थेतही समाधानाने डोळे मिटले असते.

मी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, सावकाश, दुःखी चेहरा करून. तोंडाने मी एक अक्षर खोटं बोललो नाही, अशी स्वतःची समजूत मी नंतर कितीतरी दिवस घातली. शॉपमधल्या सगळ्या खुणा मी शिकलो होतो, वापरल्या होत्या, त्यांनी माणसं घाबरवली होती. पण त्या मान हलवण्याइतकी हिंसा मी पान्यानेसुद्धा कधी केली नव्हती. चाचा म्हणाले, "अस्सं," आणि भिंतीकडे वळले.

कंपनीने त्यांना ठेवून घेतलं, त्याचा मोठा गाजावाजाही केला. काम दिलं ते असं: महिन्यातून एकदा नवी कंत्राटी माणसं भरती होतात, त्यांच्यासमोर चाचांनी उभं राहायचं आणि हात दाखवायचा. भिंतीवर सुरक्षिततेचे इतके बोर्ड लावले होते, पण कोणी वाचत नसे. चाचांचा हात मात्र सगळे बघायचे. अंगठा तेवढा शिल्लक, बाकी गुळगुळीत कातडी. हात वर केला की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा ओके म्हणतोय. मग हळूहळू हॉल गप्प व्हायचा.

"मी टॅग लावायला विसरलो," चाचा सांगायचे. "एकदाच विसरलो. तुमी विसरू नका." हॉलची व्यवस्था माझ्याकडे होती. मी मागच्या भिंतीला टेकून उभा असायचो. तीन वर्षं मी ते ऐकलं. त्या हाताचा अर्थ तीस-तीस माणसांनी मनात घेऊन कामाला लागायचं, आणि तो अर्थ मी बनवलेला, खोटा. शॉपमध्ये त्या भाषणानंतर टॅगला खरोखर कोणी हात लावेनासं झालं. मी मनाला सांगायचो, बघ, भलंच झालं ना. मनाला काहीही सांगता येतं.

पहिल्या काही वेळा सांगताना चाचांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पुढे ते थांबलं आणि त्यांनी दुसरंच सुरू केलं. 'विसरलो' म्हणताना ते त्या हाताने स्वतःच्या गालावर मारून घ्यायचे. आधी हलकेच, मग आवाज येईल असं. मॅनेजरला ते आवडलं. म्हणाला, "इम्पॅक्ट पडतो." मला त्या दिवशी मॅनेजरचा गळा आवळावासा वाटला, आणि लगेच लक्षात आलं की चोराच्या उलट्या बोंबा.

शेवटच्या त्या दिवशी पुढच्या रांगेतल्या एकाने हात वर केला. साधा प्रश्न होता, वाईट हेतू नव्हता. "चाचा, इतक्या वर्षांचा अनुभव, आणि असं कसं काय विसरलात?"

चाचा म्हणाले, "असं," आणि स्वतःच्या तोंडात मारली. "असं विसरलो." परत मारली. "असं." अंगठ्याचं हाड ओठावर बसलं आणि ओठ फुटला. हनुवटीवरून रक्त शर्टावर आलं. लोक अर्धवट उठले, कोणाला कळेना हे शिकवण्यातलं आहे की खरं. त्यांनी चौथ्यांदा हात उचलला.

"टॅग होता," मी मागून ओरडलो. त्या हॉलमध्ये मशीनचा आवाज नव्हता, सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं. "चाचांनी टॅग लावला होता. मी काढला. चावी मी फिरवली. प्रेस चालू कर म्हणून मी खूण केली. आणि हॉस्पिटलमध्ये मी त्यांच्याशी खोटं बोललो."

चाचांचा हात तसाच वर राहिला. मग ते खुर्च्यांच्या मधून माझ्याकडे चालत आले. मी हलायचं नाही असं ठरवलं होतं. त्यांनी डाव्या हाताने पहिला तडाखा दिला तो माझ्या नाकावर. काहीतरी मोडल्याचा आवाज मला माझ्या डोक्याच्या आतून आला. दुसरा तोंडावर, समोरचा एक दात हलला. मी भिंतीवरून घसरत खाली बसलो तेव्हा त्यांनी लाथ घातली, पोटात, परत बरगडीत. त्या मऊ बोलणाऱ्या माणसात इतका जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तोंडाने ते एकच विचारत होते, "का? का? का?" माझ्या तोंडात रक्त भरलं होतं. लोकांनी त्यांना धरलं. मॅनेजर ओरडत होता, दार लावा, मोबाइल बंद करा, व्हिडिओ कोण काढतोय.

पुढे जे व्हायचं ते झालं. मी लेखी दिलं, पोलिसात जबाब झाला, नोकरी गेली, चाचांच्या फाइलमधली चूक खोडली गेली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट उशीर झाला याची लाज वाटते. पण तो कागदाचा भाग नंतरचा. त्या दुपारी लोकांनी सोडल्यावर चाचा माझ्यापाशी आले, धापा टाकत होते. म्हणाले, "उठा. घरी चला. माझ्या बायकोला सांगा."

रिक्षात आम्ही शेजारी बसलो. दिघीपर्यंत मी नाकाला रुमाल लावला होता, ते ओठाला. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता.

लष्करी हद्दीच्या भिंतीला लागून दोन खोल्या. चाचांच्या बायकोने दार उघडलं, आम्हा दोघांची तोंडं बघितली आणि तिच्या हातातली ताटली खाली पडली. चाचा म्हणाले, "हे काय म्हणतात ते ऐक." मी उंबऱ्यातच उभा राहून सगळं सांगितलं. टॅग, चावी, मूठ, खिसा, कात्री. मान हलवली तेही सांगितलं. काही गाळलं नाही. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, चपलेने मारेल. मी त्याची तयारी करून आलो होतो, खरं म्हणजे वाटच बघत होतो.

तिने पदराने हात पुसले आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"साहेब," ती म्हणाली, "तुमाला एक सांगू का? हे रोज नमाज झाल्यावर लई वेळ उठत न्हाईत. मी एक दिवस कान देऊन ऐकलं. अल्लाला माफी मागत बसतेत. म्हनतेत, माझ्या हलगर्जीपनानं लेकरांचे हाल झाले, मला माफ कर. दिवसातून पाच वेळा. तीन वर्सं झाली." ती माझ्याकडे बघत होती, आवाज अजिबात चढलेला नव्हता. "जी चूक ह्यांनी केलीच न्हाई तिची एवढी माफी मागून झाली. ती आता ह्यांना कोन परत आनून देनार?"

चाचा उंबऱ्यावरून माझ्या बाजूने आत गेले, मोरीत नळ सोडला. हात, तोंड, ओठावरचं रक्त धुतलं. मग खुंटीवरची चटई काढून त्यांनी पश्चिमेकडे अंथरली आणि तिच्याकडे बघत नुसते उभे राहिले. बराच वेळ झाला तरी ते पुढे सरकले नाहीत. शेवटी त्यांनी बायकोला विचारलं, "आता काय मागू गं?"